प्रस्तावना : शेजारी अवयव, निराळे हिशेब

गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर फेब्रुवारी २०१८ मध्ये मुंबईत रुग्णालयात दाखल झाले आणि बातम्यांमध्ये ‘स्वादुपिंड’ हा शब्द येऊ लागला. पुढे अमेरिका, मग दिल्लीचे एम्स, मग पुन्हा गोवा. ऑक्टोबरमध्ये राज्याच्या आरोग्यमंत्र्यांनी हा स्वादुपिंडाचा कॅन्सर असल्याचे जाहीरपणे सांगितले. जानेवारी २०१९ च्या अखेरीस, नाकात नळी असताना, पर्रीकरांनी विधानसभेत अर्थसंकल्प मांडला. १७ मार्चला ते गेले, वयाच्या ६३ व्या वर्षी. दुखणे लक्षात आल्यापासून जेमतेम तेरा महिने. देशाचे संरक्षणमंत्रिपद भूषवलेल्या, उत्तमातले उत्तम उपचार हाताशी असलेल्या माणसाची ही कथा. ‘एवढे सगळे करूनही?’ हा प्रश्न तेव्हा कितीतरी मराठी घरांत विचारला गेला. त्या प्रश्नाला उत्तर आहे, पण ते एका वाक्यात मावत नाही, म्हणून हे पुस्तक.

स्वादुपिंड आणि यकृत यांच्या कॅन्सरची चर्चा एकत्र का करायची, असे कुणी विचारील. अवयव शेजारी आहेत, पित्तनलिका दोघांना जोडते, दोन्हींची शस्त्रक्रिया बहुधा एकच सर्जन करतो आणि घरच्यांच्या बोलण्यात दोन्ही आजार ‘पोटाचा कॅन्सर’ या एकाच नावाखाली जमा होतात. २०२२ साली जगभरात यकृताच्या कॅन्सरचे सुमारे ८ लाख ६६ हजार नवे रुग्ण सापडले आणि सुमारे ७ लाख ५८ हजार माणसे त्याने दगावली. स्वादुपिंडाचे आकडे अनुक्रमे सुमारे ५ लाख ११ हजार आणि ४ लाख ६७ हजार. नवे रुग्ण आणि मृत्यू यांत इतके थोडे अंतर फार कमी कॅन्सरमध्ये दिसते.

पण साम्य इथेच संपते. यकृताचा कॅन्सर कुणाला होण्याचा धोका आहे हे बहुतेक वेळा वर्षानुवर्षे आधी कळू शकते. स्वादुपिंडाचा कुणाला होईल हे जवळजवळ कधीच कळत नाही. म्हणून एका आजारात वेळ वाया जातो तो माहीत असूनही लक्ष न ठेवल्यामुळे, आणि दुसऱ्यात पहिली खूण दिसल्यानंतरचे दिवस भलत्याच दारांत घालवल्यामुळे. औषधे, यंत्रे, शस्त्रक्रिया यांवर पुस्तकात पुष्कळ लिहिले आहे, तरी माझ्या मते सामान्य वाचकाच्या हातात जे काही आहे ते या दोन ठिकाणी आहे.

आधी स्वादुपिंड. साधारण पंधरा सेंटिमीटर लांबीचा हा अवयव जठराच्या मागे, पाठीच्या कण्याच्या पुढ्यात आडवा असतो. त्याचे डोके लहान आतड्याच्या पहिल्या वळणात बसलेले, शेपूट डावीकडे प्लीहेपर्यंत गेलेले. पोट तपासताना डॉक्टरच्या बोटांना तो लागत नाही. साध्या सोनोग्राफीत वाटेत आतड्यातला वायू आला की तो धड दिसतही नाही. शेपटाकडची गाठ महिनोन्महिने वाढते आणि त्या काळात माणूस ॲसिडिटीच्या गोळ्या खातो, पाठीचा एक्स-रे काढतो, मणक्याच्या डॉक्टरकडे जातो. वजन घटते तेव्हा लोक ‘बारीक झालात, छान दिसता’ म्हणतात. गाठ सापडते तेव्हा ती बहुधा यकृतात पोहोचलेली असते.

डोक्याकडची गाठ त्यामानाने बरी. बरी एवढ्याचसाठी की पित्तनलिका स्वादुपिंडाच्या डोक्यातून जाते आणि गाठ लहान असतानाच ती दाबली जाऊ शकते. मग डोळे पिवळे होतात, लघवी गडद होते, शौचाचा रंग उडून तो पांढुरक्या मातीसारखा होतो, अंगाला रात्रंदिवस खाज सुटते. दुखत मात्र नाही. स्विस सर्जन कूर्व्हॉझिए यांनी १८९० मध्ये नोंदवून ठेवले की काविळीच्या रुग्णात पित्ताशय फुगलेले हाताला लागत असेल, तर कारण खडा असण्याची शक्यता कमी. खड्यांमुळे वारंवार सुजलेले पित्ताशय आक्रसलेले असते, ते फुगत नाही. सव्वाशेहून अधिक वर्षे झाली तरी वैद्यकाचे विद्यार्थी ही खूण शिकतात.

ही एवढी ठळक सूचना आपल्याकडे कशी वाया जाते ते पाहण्यासारखे आहे. कावीळ म्हटली की महाराष्ट्रात पहिले पाऊल दवाखान्याकडे पडेलच असे नाही. कुठे नाकात थेंब सोडतात, कुठे गळ्यात माळ घालतात, कुठे चुन्याच्या पाण्यात हात धुवून पाणी पिवळे झालेले दाखवतात. शिकलेली माणसेही जातात, कारण शेजाऱ्याची कावीळ तिथे ‘उतरलेली’ असते. उतरलेली असते हे खरेच. दूषित पाण्यातून होणारी कावीळ, म्हणजे हिपॅटायटिस ए किंवा ई, बहुसंख्य लोकांत काही आठवड्यांत आपोआप बरी होते. माळ घातली तरी होते, नाही घातली तरी होते. त्यामुळे औषध देणाऱ्याचे यश खोटे नसते, त्याचे श्रेय तेवढे खोटे असते. साठीच्या माणसाला वेदनेविना कावीळ झाली आणि त्याच माळेवर सहा आठवडे गेले, तर ते सहा आठवडे गाठीला मिळतात. पन्नाशीनंतरची न दुखणारी कावीळ ही दुसरे कारण सापडेपर्यंत अडथळ्याची कावीळ समजावी आणि सोनोग्राफी त्याच आठवड्यात व्हावी, एवढे जरी घरोघर पोहोचले तरी पुस्तकाचे काम झाले.

आणखी एक खूण अशीच दुर्लक्षित राहते. घराण्यात मधुमेह नाही, वय पन्नाशीपुढचे, वजन वाढण्याऐवजी घटते आहे आणि अचानक साखर सापडली, तर स्वादुपिंडाकडे एकदा नीट पाहायला हवे. नव्याने मधुमेह सापडलेल्या बहुतेकांना कॅन्सर नसतो, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगतो. हे वाचून साऱ्यांनी सीटी स्कॅनच्या रांगेत उभे राहू नये. कोणतीही तक्रार नसलेल्या सर्वसाधारण लोकांत स्वादुपिंडाच्या कॅन्सरची चाचणी करू नये, ही शिफारस अमेरिकेच्या तज्ज्ञ समितीने २०१९ मध्ये पुन्हा कायम केली. घराण्यात दोघा-तिघांना हा आजार झालेला असेल किंवा विशिष्ट जनुकीय दोष असेल, त्यांची गोष्ट वेगळी. ‘संपूर्ण तपासणी’च्या पॅकेजमध्ये हल्ली सीए १९-९ ही रक्तचाचणी सर्रास घुसवलेली असते. पित्ताच्या खड्याने झालेल्या काविळीतही तिचा आकडा चढतो आणि शेकडा पाच-दहा माणसांच्या शरीरात तो पदार्थ तयारच होत नाही, त्यांना गाठ असूनही रिपोर्ट नॉर्मल येतो. आजार ठरल्यावर उपचाराचा परिणाम पाहायला ही चाचणी फार उपयोगी आहे. निरोगी माणसाला ती फक्त झोप उडवण्याच्या कामाची.

तपासण्यांचा क्रम का महत्त्वाचा, हे या पुस्तकातल्या एका पूर्ण प्रकरणाने समजावले आहे, तरी इथे थोडे थांबतो. सोनोग्राफीत नलिका फुगलेली दिसली की घाई होते ती स्टेंट टाकण्याची. एंडोस्कोपीतून नळी बसवली की कावीळ उतरते, रुग्णाला बरे वाटते, घरचे खूश. पण नळीनंतर आजूबाजूला सूज येऊ शकते आणि मग सीटी स्कॅनमध्ये गाठ कुठे संपते आणि सूज कुठे सुरू होते हे ठरवणे कठीण जाते. म्हणून आधी चांगला सीटी, मग नळीचा निर्णय. नेदरलँड्समध्ये याच प्रश्नावर झालेली चाचणी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. थेट शस्त्रक्रिया केलेल्यांपैकी ३९ टक्के रुग्णांना गंभीर गुंतागुंत झाली, आधी सरसकट नळी टाकलेल्यांत ७४ टक्क्यांना. ताप असेल, पित्तनलिकेत जंतुसंसर्ग असेल, कावीळ फारच चढलेली असेल किंवा आधी केमो द्यायची असेल तर नळी हवीच. सवय म्हणून नको.

सीटीमध्ये सर्जन गाठीचा आकार पाहतो, पण त्याहून बारकाईने पाहतो ते आतड्यांना रक्त पुरवणाऱ्या धमनीशी आणि यकृताकडे जाणाऱ्या शिरेशी असलेले तिचे नाते. गाठ धमनीपासून सुटी असेल तर ऑपरेशन शक्य. तिला वेढून बसली असेल तर बहुधा नाही. मधल्या अवस्थेत आधी केमो देऊन पुन्हा पाहायचे. निदानाच्या वेळी ऑपरेशन करता येण्याजोगे रुग्ण शंभरात पंधरा-वीस निघतात. सुईने तुकडा काढला की कॅन्सर पसरतो, ही समजूत मात्र सोडून द्यावी. एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंडच्या साह्याने जठरातून सुई घालून घेतलेला नमुना सुरक्षित असतो आणि केमो सुरू करण्याआधी तो लागतोच.

स्वादुपिंडाच्या डोक्याकडची गाठ काढण्याच्या शस्त्रक्रियेला व्हिपल यांचे नाव आहे. ॲलन व्हिपल मिशनरी आईवडिलांच्या पोटी इराणमध्ये जन्मले आणि न्यूयॉर्कमध्ये सर्जन झाले. तशी शस्त्रक्रिया त्यांच्याआधी बर्लिनच्या वाल्टर काउश यांनी केली होती आणि १९१२ मध्ये ती प्रसिद्धही झाली होती, पण जगाचे लक्ष गेले ते व्हिपल यांच्या १९३५ च्या लेखाकडे. काविळीच्या रुग्णाचे रक्त गोठत नाही, म्हणून ते दोन टप्प्यांत ऑपरेशन करत. ‘के’ जीवनसत्त्व हाताशी आल्यावर १९४० मध्ये त्यांनी ते एका टप्प्यात केले. स्वादुपिंडाचे डोके, आतड्याचे वळण, पित्ताशय, पित्तनलिकेचा खालचा भाग आणि जठराचा थोडा हिस्सा काढायचा आणि मग स्वादुपिंड, पित्तनलिका, जठर हे तिन्ही पुन्हा आतड्याला जोडायचे. सारी भीती असते ती स्वादुपिंडाच्या जोडाची. तो गळला तर पाचकरस आसपासच्या रक्तवाहिन्याच पचवू लागतो. एकेकाळी चारातला एक रुग्ण ऑपरेशननंतर रुग्णालयातच दगावत असे. क्लीव्हलँडचे जॉर्ज क्राइल ज्युनियर यांनी तर १९७० मध्ये लिहिले की या कॅन्सरसाठी एवढ्या मोठ्या शस्त्रक्रियेपेक्षा अडथळा वळवणारे बायपास ऑपरेशनच बरे.

चित्र बदलले ते सरावाने. २००२ मध्ये अमेरिकेतल्या रुग्णालयांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. जिथे स्वादुपिंडाची ऑपरेशने क्वचित होतात तिथे मृत्यूचे प्रमाण १६ टक्क्यांच्या वर, जिथे नेहमी होतात तिथे ४ टक्क्यांच्या आत. सर्जनचे हात, भूलतज्ज्ञ, अतिदक्षता विभागातल्या परिचारिका, रात्री दोन वाजता रक्तस्राव ओळखून रक्तवाहिनी बंद करणारा रेडिओलॉजिस्ट, हे सगळे त्या फरकात आले. म्हणून घराजवळच्या ओळखीच्या सर्जनला ‘तुम्ही वर्षाला अशी किती ऑपरेशने करता?’ असे विचारण्यात उद्धटपणा नाही. चांगला सर्जन रागावत नाही. मुंबईत परळच्या टाटा रुग्णालयाची रांग पाहून लोक कचरतात. पण २०१२ मध्ये सुरू झालेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडमुळे देशभरातली अनेक केंद्रे आता एकमेकांशी जोडली गेली आहेत आणि सल्ला घेऊन उपचार जवळ करता येतात.

ऑपरेशन झाले म्हणजे सुटलो, असे मात्र नाही. ही गाठ कच्च्या पेरूसारखी घट्ट असते, तिच्यातल्या तंतूंच्या दाट विणीत औषध सहज शिरत नाही. १९९७ पासून जेमसिटाबिन हे एकच औषध पुष्कळ वर्षे आधाराला होते. २०११ मध्ये फ्रान्समधल्या चाचणीने फॉल्फिरिनॉक्स हा औषधांचा गट पुढे आणला. पसरलेल्या आजारात मध्यम आयुर्मान ६.८ महिन्यांवरून ११.१ महिन्यांवर गेले. आकडा तोकडा वाटतो, वाटू दे, तोकडाच आहे. पण २०१८ मध्ये तीच औषधे ऑपरेशननंतर दिल्यावर मध्यम आयुर्मान ३५ महिन्यांवरून ५४ महिन्यांवर गेल्याचे दिसले, आणि या आजाराबद्दल बोलताना डॉक्टरांचा सूर बदलला तो तेव्हापासून. ही औषधे कठोर आहेत, अशक्त रुग्णाला झेपत नाहीत, आणि न झेपणाऱ्याला ती देण्याचा हट्ट धरणे हा उपचार नव्हे.

इथे एक खुलासा. ॲपलचे स्टीव्ह जॉब्ज यांना २००३ मध्ये स्वादुपिंडाची गाठ सापडली आणि ते २०११ पर्यंत जगले, हे उदाहरण नातेवाईक हटकून देतात. त्यांची गाठ न्यूरोएंडोक्राइन जातीची होती, म्हणजे अवयव तोच, आजार निराळा. बायोप्सीच्या रिपोर्टवरची जात वाचल्याशिवाय कुणाच्या आयुष्याशी कुणाची तुलना करू नये.

पसरलेल्या आजारात करण्यासारखे काही उरत नाही, हे विधान मला मुळीच मान्य नाही. पाठीतल्या असह्य वेदनेसाठी मज्जातंतूंच्या जाळ्याला इंजेक्शन देता येते. मॉर्फिन नियमित दिले तर माणूस झोपू शकतो. जेवणाबरोबर पाचकरसाच्या कॅप्सूल दिल्या तर अन्न अंगी लागते आणि तेलकट जुलाब थांबतात. ही कॅप्सूल लिहून द्यायची राहून जाते, म्हणून नातेवाइकांनी स्वतःहून विचारावे.

आता यकृत. इथे कॅन्सर बहुधा आधीच आजारी असलेल्या अवयवात उगवतो. हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, दारू आणि अलीकडे मधुमेह व लठ्ठपणासोबत येणारी यकृतातली चरबी यांनी यकृत वर्षानुवर्षे झिजते, त्यात व्रण साठतात, सिऱ्होसिस होतो आणि त्यातून गाठ. हिपॅटायटिस बी तर सिऱ्होसिसवाचूनही कॅन्सर घडवतो. बुरशी लागलेल्या शेंगदाण्यांतले आणि मक्यातले अफ्लाटॉक्सिन त्यात भर घालते. तेव्हा खवट, काळपट शेंगदाणे निवडून फेकणाऱ्या आजीला कंजूष पिढीने टोकू नये.

हिपॅटायटिस बीचा विषाणू शोधण्याचा धागा बारूक ब्लमबर्ग यांच्या हाती साठच्या दशकात लागला, १९७६ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. २८ जुलै हा त्यांचा जन्मदिवस जागतिक हिपॅटायटिस दिन म्हणून पाळतात. तैवानमध्ये पामर बीझली यांनी बावीस हजारांहून अधिक पुरुषांचा पाठपुरावा करून १९८१ मध्ये दाखवले की विषाणू असलेल्यांना यकृताच्या कॅन्सरचा धोका इतरांच्या दोनशेपट आहे. तैवानने १९८४ पासून नवजात बाळांना लस द्यायला सुरुवात केली आणि १९९४ पर्यंत सहा ते चौदा वयाच्या मुलांतला यकृताचा कॅन्सर जवळपास निम्म्यावर आला. लसीने कॅन्सर टळतो याचा माणसातला हा पहिला पुरावा. भारतात परदेशी लस महाग होती. १९९७ मध्ये हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने देशी लस आणली आणि किमती कोसळल्या. आज ती सरकारी लसीकरणात फुकट मिळते. पहिली मात्रा जन्मानंतर चोवीस तासांच्या आत द्यायची असते, कारण आईकडून बाळाला होणारा संसर्ग बहुधा पुढे आयुष्यभर टिकतो.

तरीही जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार भारतात सुमारे तीन कोटी लोकांच्या शरीरात हा विषाणू आहे. पुष्कळांना तो रक्तदानाच्या वेळी किंवा बाळंतपणाच्या तपासणीत कळतो आणि ‘काही त्रास नाही ना, मग राहू दे’ म्हणून कागद कपाटात जातो. अमिताभ बच्चन यांनी जाहीरपणे सांगितले आहे की १९८२ च्या अपघातानंतर दिलेल्या रक्तातून त्यांना हा संसर्ग झाला आणि तो कित्येक वर्षांनी, यकृताचा मोठा भाग निकामी झाल्यावर कळला. विषाणू असल्याचा असा कागद ज्याच्याकडे आहे, त्याने दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि डॉक्टर सांगतील तर एएफपीची रक्तचाचणी करायची. सिऱ्होसिस झालेल्या प्रत्येकाने तर करायचीच. दोन सेंटिमीटरची गाठ सापडली तर सुईने जाळता येते, कापून काढता येते. दहा सेंटिमीटरची सापडली तर पर्याय झपाट्याने घटतात.

निदानाची इथली रीत स्वादुपिंडापेक्षा वेगळी. सिऱ्होसिस असलेल्या यकृतातली गाठ सीटी किंवा एमआरआयमध्ये औषध सोडताच आधी उजळते आणि नंतर भोवतालापेक्षा फिकी पडते. हे चित्र स्पष्ट असेल तर बायोप्सीची गरज नाही. आणि यकृतात गाठ दिसली म्हणजे ती यकृताचीच, असेही नाही. मोठ्या आतड्याचा कॅन्सर यकृतात उतरतो, आणि त्यातले काही रुग्ण ऑपरेशनने बरे होतात. ‘लिव्हरला पसरलाय’ एवढ्या वाक्यावर हातपाय गाळू नयेत.

उपचार ठरवताना डॉक्टर गाठीइतकेच उरलेल्या यकृताकडे पाहतो. गाठ लहान आणि यकृत खिळखिळे, अशी जोडी असेल तर प्रत्यारोपण दोन्ही दुखणी एकदम काढते. मिलानच्या व्हिन्चेन्झो माझ्झाफेरो यांनी १९९६ मध्ये मर्यादा घालून दिली: एकच गाठ, पाच सेंटिमीटरपर्यंत, किंवा तीनपर्यंत गाठी, प्रत्येकी तीन सेंटिमीटरच्या आत. अशा रुग्णांत चार वर्षांनी ७५ टक्के हयात होते. आपल्याकडे मेंदूमृत दाते कमी, त्यामुळे यकृताचा भाग बहुधा घरचाच कुणी देतो. यकृत पुन्हा वाढते, हे खरे. पण दात्याचेही मोठे ऑपरेशन असते, आणि सुनेला किंवा धाकट्या भावाला गप्प बसवून मिळवलेला होकार हा होकार नव्हे.

औषधांची गोष्ट मुंबईशी जोडलेली आहे. २००८ मध्ये सोराफेनिब या गोळीने वाढलेल्या आजारात मध्यम आयुर्मान ७.९ वरून १०.७ महिन्यांवर नेले. भारतात बायर कंपनीच्या या गोळीचा महिन्याचा खर्च होता २ लाख ८० हजार ४२८ रुपये. ९ मार्च २०१२ रोजी पेटंट नियंत्रक पी. एच. कुरियन यांनी मुंबईतून देशातला पहिला सक्तीचा परवाना हैदराबादच्याच नॅटको कंपनीला दिला आणि महिन्याची किंमत ८ हजार ८८० रुपयांवर आली. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये हा आदेश उचलून धरला. निर्णय ऐतिहासिकच. पण ज्या आजारासाठी एवढा कायदेशीर लढा झाला, तो बऱ्याच अंशी काही रुपयांच्या लसीने टळणारा होता, ही खंत मनातून जात नाही. २०२० पासून अटेझोलिझुमॅब आणि बेव्हासिझुमॅब ही इंजेक्शनांची जोडी सोराफेनिबच्या पुढे गेली. मध्यम आयुर्मान १९ महिन्यांपर्यंत पोहोचले, खर्च मात्र पुन्हा लाखांत गेला. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत काय बसते आणि काय नाही, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी विचारून घ्यावे. दागिने मोडायचा विचार त्यानंतर.

शेवटी घरच्यांशी थोडे. ‘डॉक्टर, त्यांना काही सांगू नका’ हे वाक्य आपल्याकडे प्रेमापोटी म्हटले जाते. पण शेताची वाटणी, मुलीचे लग्न, बँकेतली खाती, एखादे जुने भांडण मिटवणे, ही कामे ज्याची आहेत त्याला वेळ किती आहे हे कळायला हवे. रुग्णाला बहुधा अंदाज असतोच, आणि तो घरच्यांना जपण्यासाठी गप्प राहतो. किती सांगायचे हे त्यालाच विचारा.

तुमच्या किंवा घरातल्या कुणाच्या जुन्या रिपोर्टवर ‘एचबीएसएजी पॉझिटिव्ह’, म्हणजे हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीरात असल्याचे, लिहिलेले असेल, तर पुढच्या सोनोग्राफीची तारीख आजच कालनिर्णयवर लिहून ठेवा आणि घरातल्या बाकीच्यांचीही रक्ततपासणी करून घ्या. कुणाचे डोळे पिवळे दिसत असतील, तर पुस्तक मिटून ठेवा आणि आधी दवाखान्यात जा. पहिले प्रकरण परत आल्यावर वाचता येईल.